ग्राफिक कार्ड गेल्यावर डिस्प्लेसाठी काय: ५६००जी की जीटी ७१०?

बोर्डावरचा, ग्राफिक्सची अडचण दाखवणारा व्हीजीए दिवा पेटलेला, कार्डाचे पंखे फिरताहेत आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’वर अडलाय. केबल बदलून झाली, रॅम काढून-घालून झाली, बायोसचा (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा) सेलही काढून पाहिला. प्रोसेसर रायझन ५ ३६०० असेल तर बोर्डामागच्या एचडीएमआयमध्ये केबल खोचून काही होत नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नाहीत. कार्ड गेलंय, स्लॉट गेलाय की एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दगा देतोय, हे कळायला आधी कुठून तरी डिस्प्ले हवा. माझं आरएक्स ५८० कार्ड गेलं तेव्हा दोन पर्याय होते: ३६०० काढून आत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी प्रोसेसर बसवायचा, किंवा जीटी ७१० सारखं छोटं कार्ड आणायचं.

५६००जी हा काही वाईट माल नाही. आतली वेगा ग्राफिक्स ७१० पेक्षा कितीतरी सरस. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ ती स्वतः उलगडते, ७१० ते काम बहुतेक वेळा प्रोसेसरवर ढकलतं. हलके गेमही चालतात. रॅमच्या मात्र दोन काड्या हव्यात, एकच असेल तर या ग्राफिक्सचा जीव गुदमरतो. पुढे मोठं कार्ड घ्यायचंच असेल, तर ५६००जीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि साध्या ५६०० ची ३२, हेही ध्यानात ठेवा. गेममध्ये तो फरक मला जाणवण्याइतका वाटतो, तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

मला नडलं ते बायोस. माझा बी४५० बोर्ड २०१९ चा, आणि बायोसही तेव्हाचंच. ५६००जी सुट्टा बाजारात आला २०२१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बोर्ड त्याला ओळखणारच नाही. बायोस अपडेट करायचं तर डिस्प्ले पाहिजे. डिस्प्ले पाहिजे तर ५६००जी चालला पाहिजे, आणि तो चालायला बायोस अपडेट पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार! काही बोर्डांना मागे फ्लॅशचं बटण असतं, पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायही काम होतं. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांना नसतं, माझ्याला नव्हतं. दुकानदाराने उपाय सुचवला, ‘कुणाचं तरी कार्ड दोन तास मागून आणा, बायोस करून घ्या.’ अहो, कार्ड मागूनच आणायचं तर प्रोसेसर कशाला बदलू? शिवाय एएम४ चा (या रायझनच्या सॉकेटचा) कूलर उचलताना वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो नि पिना वाकतात, ती धाकधूक वेगळीच.

जीटी ७१० मला लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात ५६००जीच्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात मिळालं. पंखा नाही, वेगळी पॉवर केबल नाही, खातं १९ वॉट. ते त्याच स्लॉटमध्ये लावलं आणि डिस्प्ले आला. म्हणजे स्लॉट, रॅम, प्रोसेसर, बोर्ड सगळे सुटले. ५६००जीने डिस्प्ले आला असता, पण स्लॉटबद्दल काहीच कळलं नसतं. एसएमपीएस मात्र एवढ्यावर सुटत नाही: १९ वॉट देणारा १८५ वॉटच्या आरएक्स ५८० खाली कोलमडू शकतो, आणि त्या कार्डाची आठ पिनांची केबल तर ७१० ला लागतच नाही. म्हणून गेलेलं कार्ड एकदा मित्राच्या मशीनमध्ये लावून पाहावं. तिथेही डिस्प्ले आला नाही तर संशय मिटला.

७१० ची रडगाणी आहेतच. गेमचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले, आणि बहुतेकांना डिस्प्लेपोर्ट नसतो, त्यामुळे एचडीएमआय केबल जवळ हवी. पण मोठं कार्ड वॉरंटीत गेलं असेल आणि ते परत येईपर्यंत मेल, एक्सेल, मुलांचा अभ्यास चालवायचा असेल, तर माझं तरी काही अडलं नाही.

ज्यांना गेम खेळायचेच नाहीत आणि ज्यांचं बायोस आधीच नवं आहे, त्यांनी ५६००जी जरूर पाहावा. मशीन नव्यानेच जुळवणार असाल तर हा वादच टाळता येतो: इंटेलच्या १२४००एफ ऐवजी साधा १२४००, रायझनच्या ७५००एफ ऐवजी ७६०० घ्या, डिस्प्लेपुरती ग्राफिक्स आतच मिळतात. जुन्या एएम४ वाल्यांनी मात्र, मला विचाराल तर, छोटं कार्ड घेऊन ठेवावं. फक्त घरात पडलेलं जीटी २१० किंवा एचडी ५४५० यासाठी चालेल असं धरून चालू नका. अशी बरीच जुनी कार्डं यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) आधीची आहेत, आणि विंडोज ११ साठी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीची कार्डं चालवून घेणारी सोय) बंद केलेलं असेल तर ती धडधाकट असूनही पडदा काळाच ठेवतात. जे कार्ड घ्याल ते मशीन नीट चालू असतानाच, सीएसएम बंद ठेवून, एकदा लावून बघा आणि मग कपाटात टाका.