मड लॉगर की मड इंजिनिअर? दाबाच्या विहिरीवर कुठे उभं राहायचं

अमळनेरचा एक ओळखीचा मुलगा जिऑलॉजीत एम.एस्सी. होऊन घरी बसलाय. हातात तेल-गॅसच्या विहिरी खोदण्याच्या कामावरची दोन बोलावणी आहेत. एक मड लॉगिंग युनिटचं, म्हणजे विहिरीतून वर येणारा चुरा आणि गॅस बघून नोंदी ठेवायच्या. दुसरं मड इंजिनिअरच्या हाताखाली शिकाऊ म्हणून, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवायचा चिखल कालवायचा. "भाऊ, तुम्ही दोन्ही केलंय, तुम्हीच सांगा." त्याच्या आईला दोन्हींतला 'मड' तेवढा कळला. "इतलं शिकीसनबी गाराच कालवाना का?" गारा म्हणजे आमच्याकडे चिखल. माउलीचं फारसं चुकलेलं नाही.

पगार, सुट्टी, कॅम्पचं जेवण यांत एकोणीस-वीसचा फरक, त्यावर वेळ घालवत नाही. नेहमीच्या दाबाच्या विहिरीवर दोन्ही कामं सारखीच कंटाळवाणी असतात. फरक कळतो तो खालचा दाब बिघडतो तेव्हा.

बिघडतो म्हणजे काय, ते तापीकाठच्या माणसाला सांगायला सोपं. पूर ओसरला की गाळावर पापुद्रा धरतो. वरून कोरडा दिसतो, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. खालच्या पाण्याला निघायला वाट मिळालेली नसते. कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी हेच झालं, फक्त लाखो वर्षं आणि हजारो मीटर. चिकणमाती इतक्या भराभर साचली की आतलं पाणी अडकलं आणि वरच्या खडकाचं ओझं त्या पाण्यानेच डोक्यावर घेतलं. तीन हजार मीटरवर साध्या पाण्याच्या स्तंभाचा दाब चौरस सेंटिमीटरला 300 किलोच्या आसपास. वरच्या सगळ्या खडकाचं वजन धरलं तर जवळपास 700. अडकलेलं पाणी या दोन आकड्यांच्या मधे कुठेही सापडू शकतं. आपल्या विहिरीतला चिखल त्यापेक्षा हलका पडला की खालचं पाणी किंवा गॅस आत घुसतो, म्हणजे किक. ती वेळेत आवरली नाही तर काय होतं ते आंध्रातल्या कोनसीमेतल्या पासरलापुडीने 1995 साली दाखवलं. तिथली विहीर दोन महिन्यांहून जास्त जळत होती.

लॉगरला हा दाब सगळ्यांत आधी दिसतो, आणि त्या कामाची मजा मी नाकारणार नाही. खोल जाल तसा खडक कठीण होतो, बिट, म्हणजे खोदणारं टोक, मंदावतं, आणि त्या वेगावरून काढलेला डी-एक्स्पोनंटचा आलेख उजवीकडे सरकत राहतो. दाबाचा थर आला की तोच आलेख डावीकडे वळायला लागतो. 1966 सालची ही युक्ती, दातेरी चाकांच्या बिटसाठी काढलेली. हल्लीच्या पीडीसी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याच्या दातांच्या, बिटवर ती तितकी इमानी राहिलेली नाही, आणि बिट बदललं की रेषा नव्याने बसवायची कटकट वेगळी. पण शेकरवर, म्हणजे चुरा गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, एरवीच्या चुऱ्यात लांब, पातळ, ढलपीसारख्या चिपा यायला लागल्या, पाइप जोडताना पंप थांबवला की दर वेळी गॅसची टोचणी थोडी वाढली, की अंगावर काटा येतो. विहिरीची भिंत आत ढकलली जातेय हे हातातला दगड सांगत असतो.

मला ते काम सोडायला लावलं एकाच गोष्टीने: बातमी शिळी, आणि हात बांधलेले.

3400 मीटरच्या आसपास होतो, रात्रपाळी. बिट अचानक पळायला लागलं. ड्रिलर खूश, मीटर निघत होते. माझा आलेख डावीकडे. फोन केला, उत्तर आलं, "नवीन बिट आहे, पळणारच." बिटचा वेग आणि चिखलाच्या टाकीची पातळी तेवढी ताजी कळते. गॅस आणि चिपा वर यायला तिथून सव्वा तास. तो सव्वा तास मी त्या पत्र्याच्या केबिनमध्ये एक चिठ्ठी लिहून, सही करून, घड्याळाकडे बघत बसलो. गॅस आला तेव्हा टाकीही वाढायला लागली होती. विहीर बंद केली, चिखल जड केला, दोन दिवस गेले, कुणाला इजा नाही. माझी चिठ्ठी रिपोर्टला जोडली गेली. मला शाबासकीही मिळाली, आणि तिचाच जास्त राग आला.

त्याच रात्री मड इंजिनिअरने कुणाला न विचारता एका राखीव टाकीत जड चिखल कालवून ठेवला होता. म्हणाला, "ड्रिलर जास्त हसायला लागला की मी पोती फोडायला घेतो." पुढच्या वर्षी मी त्याच्या हाताखाली गेलो.

ते काम सुखाचं आहे असं नाही. कॉस्टिकने हात सोलतात, चिखल जड करणाऱ्या बॅराईटची पूड नाकातून दोन दिवस निघते, पोती मोजण्यात अर्धी पाळी जाते. शिवाय अंतिम शब्द तुमचा नसतोच, तो कंपनी मॅनचा, म्हणजे विहीर ज्या कंपनीची तिच्या साइटवरच्या माणसाचा. आणि चूक दोन्ही बाजूंनी अंगावर येते. चिखल हलका ठेवला तर किक, जड केला तर खडक फाटून अख्खा चिखल खाली गायब. दाबाच्या थरात या दोन्हींमधली जागा कधीकधी इतकी अरुंद असते की घनता दुसऱ्या दशांशावर सांभाळावी लागते. लॉगर चुकला तर आलेख खोडता येतो.

ज्याचा जीव दगडात आहे, त्याने लॉगिंगच धरावं, हेही खरं. तिथून वेलसाइट जिऑलॉजिस्ट होता येतं, पुढे दाबाचे अंदाज बांधण्याचं काम मुंबईत खुर्चीवर बसूनही मिळतं. मडकडे जिऑलॉजीवाल्याला केमिस्ट्री नव्याने शिकावी लागते. मी निम्मी पोत्यांवरच्या लेबलांवरून शिकलो. माझा स्वभाव हात शिवशिवणारा, त्यामुळे माझा कौल थोडा तिरका असणार, तो तसाच धरा.

तरी त्या मुलाला एवढंच म्हणालो की शक्य असेल तर एखादं वर्ष लॉगिंग करून मग चिखलात ये. आलेख वाचता येणारा मड इंजिनिअर फोनची वाट बघत नाही. एकच निवडायचं असेल तर पोत्यांकडे जा, आणि चिखलाचा तराजू स्वतः उचल. विहिरीत जाणाऱ्या आणि विहिरीतून येणाऱ्या, दोन्ही चिखलांचं वजन दर पाळीत आपल्या हाताने घे, दुसऱ्याने वहीत लिहिलेलं उतरवू नकोस.

आईला काय सांगू, म्हणाला. म्हटलं, गाराच आहे म्हणून सांग, फक्त वजनाने विकत घेतात.