हातात चार शस्त्रं, पण वेळ कुठाय?

भाच्याने गेल्या आठवड्यात 'एलियन ३' पिक्चर पाहिला आणि लगेच माझ्या कपाटातून सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम-यंत्राची त्याच नावाची कॅसेट शोधून काढली. दोन मिनिटं खेळला, पॉज दाबला आणि माझ्याकडे वळला. "मामा, गेम बनवणाऱ्यांनी पिक्चर बघितला तरी होता का?"

प्रश्न रास्त आहे. १९९२चा हा पिक्चर म्हणजे डेव्हिड फिंचरचा पहिलाच. दूरच्या कुठल्या ग्रहावरचा ओसाड तुरुंग, तिथे उरलेले मोजके कैदी, सगळ्यांच्या जिवावर उठलेला एकच एलियन, आणि अख्ख्या वस्तीत बंदूक नावाला नाही. बिचारे मशाली घेऊन पळतात, दारं लावून त्याला कोंडीत पकडू बघतात आणि शेवटी त्याच्या अंगावर वितळलेलं शिसं ओततात. त्याच वर्षी आलेल्या गेममध्ये मात्र पिक्चरची नायिका रिप्ली अवतरते ती पल्स रायफल घेऊन. सोबत फ्लेमथ्रोअर, ग्रेनेड लाँचर आणि वर हातबॉम्ब. एलियन तर इतके की मोजायचं सोडून द्यावं. नाव तिसऱ्या भागाचं, शस्त्रं १९८६च्या दुसऱ्या भागातली. पिक्चरशी इमान वगैरे शोधायला बसलात तर पहिल्याच लेव्हलला हात टेकाल.

तरीही पिक्चरवरून केलेल्या त्या काळच्या गेम्सपैकी मी आजही पुन्हापुन्हा लावतो तो हाच.

काम सोपं वाटतं. तुरुंगात जागोजागी कैदी भिंतींना चिकटवून ठेवलेले आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचं, नुसता स्पर्श केला की माणूस सुटला. सगळे सुटले की बाहेरचं दार गाठायचं. शिड्या आहेत, सरकती दारं आहेत, गुडघ्यांवर रांगत जायचे हवेचे बोगदे आहेत. आणि घड्याळ आहे. हे घड्याळच या गेमचा खरा खलनायक, एलियन नुसते त्याचे नोकर. वेळ संपली की तुमची ऊर्जा कितीही भरलेली असो, उपयोग शून्य. मागे राहिलेल्या कैद्याची छाती फोडून आतून एलियन बाहेर पडताना तुम्हाला बघावा लागतो. लहानपणी मी त्या क्षणी टीव्हीकडे पाठ करून बसायचो. आता बघतो, पण आवाज अजूनही कमी करतो.

भाचा आजच्या गेम्सवर वाढलेला. दिसेल ते मारायचं, कोपरान्‌कोपरा धुंडाळायचा, गोळ्या गोळा करायच्या, मग पुढे सरकायचं ही त्याची सवय. पहिल्या प्रयत्नात त्याने खंडीभर एलियन मारले आणि कैदी सोडवले दोन. दुसऱ्या प्रयत्नातही तेच. तिसऱ्यांदा तो चिडून म्हणाला, "अरे, पण मी तर मेलोच नाही!" नाही मेलास रे बाबा. बाकीचे मेले.

तेव्हा मी वही काढली.

आलेखाच्या कागदाची वही आहे, शाळेत असतानाची. प्रत्येक लेव्हलला एक पान. चौकोन म्हणजे खोली, उभी दुहेरी रेघ म्हणजे शिडी, तुटक रेघ म्हणजे बोगदा, फुली म्हणजे कैदी. फुल्यांना नंबर घातलेत, कोणाला आधी आणि कोणाला परतताना उचलायचं ते कळावं म्हणून. एका पानावर कोपऱ्यात लिहिलंय, 'वरचा आधी!!! नंतर वेळ नसतो'. तीन उद्गारचिन्हं म्हणजे तीन वेळा पस्तावलो असणार. हा गेम जिंकायचा तो असा, पाठांतराने. पहिली खेप फुकट घालवायची, नुसतं फिरून बघायचं. दुसऱ्या खेपेला रस्ता ठरवायचा. तिसरीत धावायचं, आणि वाटेत आडवा येईल तेवढाच एलियन मारायचा. बाकीच्यांना गोळी घालण्यात एक सेकंद जातो, आणि तो सेकंद शेवटच्या शिडीवर कमी पडतो.

हे कळलं की शस्त्रांचाही अर्थ बदलतो. रायफल लांबच्यासाठी. फ्लेमथ्रोअरचा पल्ला तोकडा, पण अरुंद वाटेत समोरून येणाऱ्याला तोच बरा. ग्रेनेड जपून ठेवायचे, कारण काही लेव्हलनंतर दांडगा बॉस आडवा येतो आणि तेव्हा खिसा रिकामा असला तर रडायची वेळ येते. नवखा माणूस हे सगळं पहिल्या दोन गल्ल्यांत उधळून मोकळा होतो. मीही व्हायचो.

आता तक्रारी. एलियन पडद्याच्या कडेतून इतक्या वेगाने घुसतात की पहिल्यांदा वाचणं जवळपास अशक्य. छतावरून पडतात तेही तसेच. रडार असतं, पण त्याच्याकडे बघायचं की रिप्लीकडे? ही भीती नव्हे, ही लबाडी आहे, आणि त्या काळच्या बऱ्याच गेम्समध्ये ती होती. शिवाय बोगदे सगळे सारखे दिसतात. मळकट तपकिरी, करडे, पुन्हा तपकिरी. वही नसती तर मी अजून दुसऱ्याच लेव्हलमध्ये रांगत असतो. आणि खेळात फारसा बदल नाही. तिथे धावा, याला सोडवा, परत फिरा. सलग तासभर खेळलात तर कंटाळा येणार. मी एका बैठकीत तीन-चार लेव्हलच्या पुढे जात नाही.

संगीताबद्दल मात्र माझ्याशी वाद घालू नका. संगीतकार मॅट फर्निसने मेगा ड्राइव्हच्या आवाज काढणाऱ्या त्या खरखरीत एफएम चिपकडून जे काढून घेतलंय ते ऐकण्यासाठी मी कधीकधी गेम सुरू करून नुसता बसतो. पिक्चरमधल्या संगीतात प्रार्थनेचा गंभीरपणा आहे. इथे पत्र्यावर हातोडे पडतायत आणि मागून कोणीतरी पाठलाग करतंय. भाच्याने हेडफोन लावून ऐकलं आणि काही न बोलता मान डोलवत राहिला. सोळाव्या वर्षी मामाच्या आवडीला यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या गेम-यंत्रावर १९९३मध्ये याच नावाचा गेम आला, बनवणारे तेच, प्रोब सॉफ्टवेअर. तो वेगळाच आहे. तिथे गेममधल्या संगणकाच्या टर्मिनलवर जाऊन काम निवडायचं. कधी फुटलेले पाइप दुरुस्त करायचे, कधी दारं वेल्ड करायची, कधी कैदी सोडवायचे. जाणकार म्हणतात की तो जास्त चांगला, आणि असेलही. त्यात विचार आहे, वातावरण आहे, चित्रंही सुंदर. पण तो खेळताना माझ्या तळहाताला घाम येत नाही.

खेळणार असाल तर एक सांगतो. शक्य असेल तर जुन्या डब्बा टीव्हीवर लावा. सपाट टीव्हीवर काही वेळा बटण दाबणं आणि रिप्लीने उडी मारणं यात बारीकसा उशीर होतो. निवांत गेममध्ये तो चालून जातो, इथे शिडीच्या टोकाला जीव घेतो. सपाट टीव्हीच असेल तर त्यात हा उशीर कमी करणारा गेम मोड आहे का बघा. आणि पहिले दोन-तीन दिवस हरायची तयारी ठेवा. तेवढाही धीर नसेल तर या कॅसेटच्या वाटेला जाऊच नका.

परवा भाचा पुन्हा आला. माझ्या वहीवरून एक लेव्हल खेळायला बसला आणि दोन वेळा त्याच जागी वेळ संपली. दाराशी पोचायचा, घड्याळात तीन-चार सेकंद उरलेले, आणि एक कैदी बाकी. तिसऱ्यांदा त्याने गेम थांबवून वहीत बोट ठेवलं. "मामा, हा बोगदा तू उलटा काढलायस. तो डावीकडे उघडतो."

पाहिलं तर खरंच. बाण चुकीचा होता, आणि इतकी वर्षं ती लेव्हल मी नशिबाने पार करत होतो. त्याने खोडरबर मागितलं.