"दोनेक वर्षं नको, तारीख सांगा": दिवाळखोरीच्या वकीलबाईंचा अनुभव

पाचपैकी चार तारे. दिवाळखोरीचा वकील कोण चांगला, हे चारचौघांत विचारायची सोय नसते, म्हणून इथे लिहितोय.

आधी मी एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेवेवर पैसे घालवले. टेक्सासचा झिप कोड टाकला आणि चॅप्टर ७ चे, म्हणजे सूट नसलेली मालमत्ता विकून कर्जातून सुटायच्या दिवाळखोरीचे, कागद पटापट तयार. घराच्या रकान्यात टेक्सासची होमस्टेड सूट (राहतं घर वसुलीतून वगळणारी), म्हणजे घर पूर्ण सुरक्षित. जून २०२४ मध्ये तेच कागद घेऊन बाईंकडे गेलो, म्हटलं एकदा नजर टाका. त्यांनी पहिलं पानही उलटलं नाही.

"टेक्सासला कधी आलात?"

"झाली की दोनेक वर्षं."

"दोनेक नको. तारीख."

घरी येऊन खोकी उपसली. सामानाच्या ट्रकची भाडेपावती सापडली, शाई उडालेली, पण १५ ऑगस्ट २०२२ कसंबसं वाचता येत होतं. त्याआधी नऊ वर्षं न्यू जर्सी.

तिथेच सगळं अडलं होतं. केस टेक्सासच्याच कोर्टात चालणार, कारण त्यासाठी मागच्या १८० दिवसांतला जास्त काळ कुठे काढला एवढंच बघतात. पण सूट कुठल्या राज्याची, हे ठरवायला अर्जाआधीचे ७३० दिवस एकाच राज्यात राहिलेलं असावं लागतं. नसेल तर त्या ७३० दिवसांच्याही आधीचे १८० दिवस कुठे होतात ते पाहतात. हा नियम २००५ चा. जूनमध्ये अर्ज केला असता तर मी कायद्याच्या लेखी न्यू जर्सीकर! तिथे घरासाठी राज्याची वेगळी सूट नाही, त्यामुळे केंद्राची घ्यायची, तेव्हाची २७,९०० डॉलर. घरात माझे अडकलेले साधारण ९०,०००. ट्रस्टीने, म्हणजे कर्ज देणाऱ्यांसाठी मालमत्ता विकायला नेमलेल्या माणसाने, घर विकायलाच काढलं असतं.

बाई म्हणाल्या, थांबा. दोन महिने वसुलीवाल्यांचे फोन सोसले आणि २७ ऑगस्टला अर्ज केला. घर घेऊन १,२१५ दिवस झाले नव्हते, म्हणून टेक्सासची सूटही १,८९,०५० डॉलरपर्यंतच होती, ही मर्यादाही त्यांनी आपणहून तपासली. माझा आकडा त्याच्या आतच होता.

दुसरा घोळ फ्लोरिडातल्या प्लॉटचा, मी आणि भाऊ निम्मे-निम्मे. फ्लोरिडात घराला कुणी हात लावत नाही असं ऐकून होतो. बाई हसल्या. ती सूट राहत्या घराला, मोकळ्या प्लॉटला नाही, आणि मी तिथे कधी राहिलोच नव्हतो. जमीन फ्लोरिडात आहे म्हणून मालकी कुणाची किती आणि त्यावरचा बोजा वैध की नाही, हे तिथला कायदा सांगतो. सूट मात्र मी राहिलो तिथली. केंद्राची सूट निवडली असती तर तिच्या कुठल्याही मालमत्तेला चालणाऱ्या कलमातून प्लॉटला थोडा आडोसा मिळाला असता, पण मग घर गेलं असतं. दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचलता येत नाही. शेवटी माझा निम्मा हिस्सा भावानेच ट्रस्टीकडून विकत घेतला. त्यावरून वहिनी अजून घुश्शात आहेत, ते वेगळं.

एक तारा कापला तो फोनसाठी. निरोप ठेवला की तीन-तीन दिवस उत्तर नाही, आणि ट्रस्टीसमोरच्या झूम बैठकीची लिंक आदल्या रात्री साडेदहाला आली. बैठक सात मिनिटांत संपली. ट्रस्टीने प्लॉटबद्दल विचारलं, मग टेक्सासला कधी आलात ते. तारीख तोंडपाठ होती.