लिमिट वाढवून मागावी की दुसरं कार्ड घ्यावं?

लातूरकडं लग्नसराईत बस्ता, भांडी, फ्रिज सगळं एकदम येतं आणि दुकानाच्या नावाच्या क्रेडिट कार्डाची 40,000 रुपयांची लिमिट तोकडी पडते. माझा कौल जुन्याच कार्डाची लिमिट वाढवून मागण्याला. 30,000 खर्चले तर आज लिमिटचा वापर 75 टक्के दिसतो. लिमिट 80,000 झाली की तोच 37.5 टक्के, आणि सिबिल स्कोअरला, म्हणजे कर्जफेडीच्या पतीच्या गुणांना, ते चांगलं. मंजुरी दुकान नाही, कार्ड देणारी बँक देते. तिच्यासाठी पगाराची स्लिप किंवा आयटीआर (आयकर विवरणपत्र) तयार ठेवा. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम.

नवं कार्ड इतर दुकानांतही चालेल, पण अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते, शिवाय बिलाची आणखी एक तारीख. सोयाबीनच्या पट्टीवर, म्हणजे माल विकून येणाऱ्या पैशावर, चालणाऱ्या घराला ती दुसरी तारीख फार जड जाते.