मागे मिक्सर, खाली काळी माती: पिकअपला एटी टायर घ्यावेत की एचटी?

व्ही-क्रॉस असो, हायलक्स असो की बोलेरो कॅम्पर, टायर बदलायला गेलं की दुकानात पहिली गोष्ट निघते ती नक्षीची. "ऑल-टेरेन टाका, गाडी उठून दिसते." ऑल-टेरेन म्हणजे एटी, सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचा टायर; एचटी म्हणजे हायवेचा. एटीने गाडी उठून दिसते, त्यात वाद नाही. पण ज्याच्या हुकाला आज जनरेटर तर उद्या स्लॅबचं मिक्सर मशीन लागतं, त्याने नक्षी नंतर बघावी. आधी साईडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या अंगावरचे, आकडे वाचावेत.

265/65 R17 112T असं काहीतरी तिथे कोरलेलं असतं. 265 मिलिमीटर रुंदी, 17 इंचाची रिम, हे सगळ्यांना माहीत असतं. कामाचा आकडा 112. तो भाराचा निर्देशांक आहे आणि त्याचा अर्थ एक टायर 1120 किलो पेलतो. 104 असेल तर 900 किलो. शेवटचा T म्हणजे ताशी 190 ची मर्यादा, मागे काही ओढणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

आता दोन चाकांचा ट्रेलर धरा. त्याच्या वजनातले साधारण 10 ते 15 टक्के हुकावर येतात. ट्रेलर दीड टनाचा असेल तर 150 ते 225 किलो. हुक मागच्या एक्सलच्याही मागे असल्यामुळे एक्सलवर त्याहून थोडं जास्तच पडतं. वर हौद्यात सिमेंटची 10 पोती टाकली की झाले आणखी 500 किलो. गाडीच्या स्वतःच्या वजनासकट मागच्या एक्सलवर 1800 किलो भरले, तर 104 चे टायर काठोकाठ आले. एटी असोत नाहीतर एचटी, तिथे नक्षी काही करत नाही.

चार चाकांच्या मिक्सरची गोष्ट वेगळी. त्याचा भार त्याच्याच चाकांवर असतो, हुकावर फारसा येत नाही. पण बहुतेक मशीनला स्वतःचे ब्रेक नसतात. मांजरसुंब्याचा नाहीतर कन्नडचा घाट उतरताना ते गाडीला मागून ढकलत राहतं आणि थांबवायचं सगळं काम गाडीच्या चार टायरांवर येतं. पावसात ओल्या डांबरावर थांबायचं असेल तर त्याच दर्जाचा एचटी एटीपेक्षा बहुधा लवकर थांबतो. शिवाय तो आवाज कमी करतो आणि डिझेलही कमी खातो. बीड-धाराशिव-सोलापूर अशी डांबरावरचीच कामं असतील, तर पुरेशा निर्देशांकाचा एचटी घ्या आणि विषय संपवा.

मग एटी कशासाठी? चिखलासाठी, असं सगळे म्हणतात. मला ते आपल्या भागापुरतं पटत नाही. मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात गाडी घालून बघा: चाकाचे दोन फेरे होत नाहीत तोच माती नक्षीत गच्च बसते आणि नवा कोरा टायर गोटा झाल्यासारखा घसरतो. या मातीत फुगणारी चिकणमाती इतकी असते की एटी काय, मोठ्या बटणांचा एमटी, म्हणजे खास चिखलाचा टायर, सुद्धा भरून जातो. मागे मशीन असेल तर बोलायलाच नको. वापसा येईपर्यंत थांबणं किंवा ट्रॅक्टर बोलावणं, हे दोनच उपाय. मिक्सर ओढणाऱ्याने एमटीच्या नादी लागूच नये: डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्यात ब्रेकला सगळ्यात मागे.

एटीचा खरा फायदा कोरड्या दिवसांत कळतो. पांदणीच्या कडेला तुरीची धसकटं तिरपी कापलेली असतात, पऱ्हाटीचे खुंट असतात, मुरूम टाकलेल्या रस्त्यावर डबराच्या धारा वर आलेल्या असतात. समोरून बैलगाडी आली म्हणून गाडी कडेला घेतली आणि धसकट साईडवॉलमध्ये घुसलं, की ते पंक्चर निघत नाही, टायरच जातो. मागे मशीन असताना जॅक लावायचा म्हणजे आधी हुक सोडा, मशीनला दगड लावा, मग चाकाकडे वळा. म्हणून आमच्याकडे एटी घ्यायचा तो जाड साईडवॉलसाठी.

इथे एक मेख आहे. एटी लिहिलं म्हणजे साईडवॉल जाड असतेच असं नाही. मापाच्या आधी LT अक्षरं आहेत का ते बघा. ती असतील तर टायर हलक्या ट्रकसाठी बांधलेला आहे. त्यात C, D, E असे भाराचे वर्ग येतात आणि त्यांची कमाल हवा साधारण 50, 65 आणि 80 पीएसआय. अक्षरं नसतील तर नक्षी एटीची आणि अंग कारच्या टायरचं, असाही माल मिळतो. योकोहामाचा जिओलँडर एटी जी015 दोन्ही प्रकारांत येतो, त्यामुळे नुसतं नाव सांगून मागवू नका. बीएफ गुडरिचचा केओ2 साईडवॉलच्या बाबतीत नावाजलेला, पण जड आणि महाग. अपोलोचा अप्टेरा एटी2 खिशाला परवडणारा, दुकानात सहज मिळणारा. डांबर जास्त आणि पांदण कमी असेल तर पुरे. (वाळूजला गुडइयरचा कारखाना आहे म्हणून आपल्याकडे त्यांचा टायर स्वस्त मिळेल, ही आशा सोडा.)

एलटी घेतलात तर जुनी हवा चालणार नाही. तेवढाच भार पेलायला त्याला कारच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. पूर्वीच्याच 35 पीएसआयवर मशीन ओढलं तर महागडा टायर मे महिन्यात आतून तापून खराब होईल. 42 अंशांत समृद्धीवर तासभर पळणाऱ्या गाडीला हे लवकर कळतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी आकडा वर गेला म्हणून कमी करू नका.

फोर-बाय-फोर असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच झिजीचे हवेत, नाहीतर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर सगळा ताण गिअरच्या डब्यावर जातो. साध्या गाडीत दोनच बदलायचे असतील तर नवे मागे टाका. पैसे मोजण्याआधी साईडवॉलवरचा चार आकडी शिक्का बघा: 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला माल असेल तर भाव पाडून मागा, नाहीतर दुसरा काढायला सांगा.