किल्ला दिसला नाही, गाडी मात्र सुटली

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. पाचपैकी दोन तारे. त्यातला एक खेळण्यातल्या आगगाडीला आणि एक त्या वेटर पोराला, ज्याने न मागता दोन पेले गरम पाणी आणून ठेवलं. बाकीचे तीन तारे धुक्यात गेले.

जिथे जेवलो त्या हॉटेलचं नाव लिहिणार नाही. ग्वाल्हेरचा आमचा लश्कर भाग केवढासा, मालकाची आई आमच्याच भजनी मंडळातली निघायची. लश्करातलीच एक गच्ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

ह्यांची सत्तरी ९ जानेवारीला होती. मुलगा पुण्याला. त्याने तिथूनच बुकिंग केलं, दोघांचे ५,९९८ रुपये भरून टाकले आणि व्हॉट्सॲपवर कार्ड पाठवलं. खुल्या आकाशाखाली राजेशाही भोजन, समोर दिव्यांनी उजळलेला किल्ला, मराठा सरदारांची एकवीस पदार्थांची थाळी, तानसेनाच्या नगरीतलं संगीत, आणि टेबलावर धावणारी शाही रेल्वे. वाचून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? लश्करातल्या चिटणीस की गोठ मोहल्ल्यात चाळीस वर्षं संसार केला, पण राजेशाही म्हणून कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. जानेवारीतलं ग्वाल्हेरचं खुलं आकाश म्हणजे काय, हे मात्र पुण्यात बसून कळत नाही. आम्हाला कळायला हवं होतं. पण मुलाने हौसेने केलेलं, नाही कसं म्हणायचं?

मी अडतीस वर्षं ए.जी. ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात काढली, ऑडिटला. कुठेही गेले तरी हात आपोआप हाफ मार्जिन, म्हणजे आक्षेपाचं टिपण, लिहायला लागतो. तर पहिला आक्षेप किल्ल्याचा.

ग्वाल्हेरचा किल्ला म्हणजे शहराच्या डोक्यावर शंभर मीटर उंच आणि तीनेक किलोमीटर लांब पसरलेला डोंगर. तो न दिसायला कर्तृत्व लागतं. त्या रात्री निसर्गाने ते दाखवलं. मोबाइलवर तापमान सात, आणि धुकं असं की पलीकडच्या गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा अंदाजानेच टाकी म्हणायची. आमच्या टेबलावर पाटी होती, ‘फोर्ट व्ह्यू’. ह्या टेबलाचे पाचशे रुपये वेगळे, हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीत बसून पाचशे रुपयांचं धुकं बघितलं.

धुकं नसतं तरी फसवणूक होतीच, ती ग्वाल्हेरबाहेरच्यांना कळणार नाही म्हणून लिहून ठेवते. कार्डावर फोटो होता मानमंदिराचा, निळ्या टाइल्सची रांग, त्यावर पिवळी बदकं. मानसिंह तोमरचा महाल तो, पंधराव्या शतकाच्या शेवटाला बांधायला घेतलेला. ती बाजू पूर्वेला आहे, हत्ती पोळ दरवाज्याकडून वर चढताना दिसते. लश्कर किल्ल्याच्या दक्षिणेला. लश्करातल्या कुठल्याही गच्चीवरून, मे महिन्यातल्या स्वच्छ रात्री दुर्बीण लावली तरी ती बदकं दिसायची नाहीत. तटबंदी दिसेल, दिवे दिसतील, तेही सुंदरच. मग तेवढंच छापा ना.

मॅनेजरला बोलावलं. तिशीचा मुलगा, अंगात जॅकेट, डोक्यावर भाड्याची पगडी. “फॉग है मैडम, ये तो भगवान के हाथ में है।” मी म्हटलं, “तो पाँच सौ भी भगवान को ही दे दूँगी।” ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. ह्यांना माझ्याबरोबर बाहेर जेवायला जायचं म्हणजे हेच एक भय.

पण मग गाडी आली, आणि ह्यांना माझी आठवणच राहिली नाही.

जयविलास, म्हणजे शिंद्यांचा राजवाडा, पाहिलेल्यांना ही कल्पना कुठून उचलली ते कळेल. तिथल्या मेजवानीच्या दालनात लांबलचक टेबलावर चांदीची गाडी आहे. जेवणानंतर ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची, आणि कुणी सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की निघायची. आम्ही ग्वाल्हेरची माणसं जयविलासला जातो ती पाहुण्यांमुळेच. सांगली-साताऱ्याचं कुणी आलं की त्यांना घेऊन जायचं, दरबार हॉलची झुंबरं दाखवायची, साडेतीन टनांचं एकेक, आणि छत पेलेल का बघायला आधी वर हत्ती चढवले होते ही गोष्ट सांगायची. मग ती गाडी. मी किमान पंधरा वेळा पाहिली असेन, दर वेळी उभीच. त्यामुळे धावणारी बघायला मिळणार, ह्याचं मलाही अप्रूप होतं.

ही प्लॅस्टिकची होती. मुलांच्या वाढदिवसाला देतात तसली, सेलवर चालणारी, फक्त वरून चांदीचा रंग फासलेला. अंडाकृती रूळ टेबलक्लॉथवर मांडलेले. इंजिनामागे चार डबे: पहिल्यात बडीशेप, दुसऱ्यात हिरवी चटणी, तिसऱ्यात लोणचं, शेवटच्यात पन्ह्याचा काचेचा पेला. जानेवारीत पन्हं, ह्यावर वेगळा पॅरा लिहिता येईल, सोडून देते. वेटरने बटण दाबलं. गाडी सरळ रुळावर बरी धावली, वळणावर आली आणि आडवी झाली. चटणी माझ्या शालीवर. उचलून परत ठेवली. परत तिथेच आडवी. तिसऱ्यांदा पन्हं सांडलं. “नेटवर्क का इशू है,” वेटर म्हणाला. गाडीला नेटवर्क नव्हतं, नुसते दोन सेल होते.

आता आमचे हे कोण ते सांगायला हवं. आयुष्यभर छोट्या लाइनवर गार्ड होते. ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फुटी रूळ, दोनशे किलोमीटर, सकाळी निघालं की जौरा, कैलारस, सबलगढ करत दिवस मावळायचा. डब्यात जेवढी माणसं तेवढीच छतावर. जगातल्या सगळ्यात लांब नॅरोगेजांपैकी ती एक, हे वाक्य माझ्या घरी मी रामरक्षेपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. ह्यांची निवृत्ती २०१६ ची. २०२० मध्ये गाडीच थांबली, पुढे तिच्या मार्गावर मोठी लाइन टाकायला घेतली. त्या वर्षी हे रोज संध्याकाळी त्याच लाइनवरच्या घोसीपुऱ्याच्या बाजूला फिरायला जात. कशाला, हे मी विचारलं नाही.

ह्यांनी चष्मा पुसला आणि रुळावर वाकले. “अगं, हा कर्व्ह बघ. बाहेरचा रूळ उचललेलाच नाही. गाडी बाहेर फेकणारच.” वेटर पोरगं बघत राहिलं. ह्यांनी दोन कागदी नॅपकिन घेतले, घडी घातली आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला रुळाखाली सारले. ह्याला म्हणे पॅकिंग म्हणतात, गँगमन खडी ठोकून करतात तेच. मग डब्यांकडे वळले. “सगळ्यात जड डबा शेवटी आणि हलके मध्ये? वळणावर मागचा मागे ओढतो, इंजिन पुढे ओढतं, मधले आत कलंडतात.” पन्ह्याचा डबा इंजिनाला लावला, मग लोणचं, मग चटणी, शेवटी बडीशेप. “बडीशेप ब्रेकव्हॅनला,” म्हणाले, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्याला. मग वेटरला विचारलं, “शिटी है?” नव्हती. स्वतःच तोंडाने वाजवली आणि टेबलावरचा हिरवा नॅपकिन हलवला.

गाडी वळण घेऊन आली. सांडली नाही. शेजारच्या टेबलावर आग्र्याचं एक कुटुंब होतं, त्यांची दोन मुलं धावत आली. मग त्यांच्या टेबलावरची गाडीही दुरुस्त झाली, मग पलीकडची. सत्तरी कुणाची आणि कशासाठी आलो, सगळं बाजूला राहिलं. पेला उचलल्यावर ती थांबत नव्हती, तेवढं एक ह्यांना जमलं नाही. “त्याला सर्किट लागेल,” म्हणाले, आणि ते खंत वाटल्यासारखं म्हणाले.

ह्या सगळ्या वेळात थाळी गार होत होती.

एकवीस पदार्थ. मी मोजले, सवयच ती. पापड तीन प्रकारचे, तीन धरलेले. मीठ धरलेलं. लिंबाची फोड धरलेली. गुळाचा खडा, तोही. खरं अन्न म्हणावं असे नऊ. सगळं एकदम वाढून आणलं, छोट्या छोट्या वाट्यांत, उघड्या गच्चीवर, सात डिग्रीत. वाटी तोंडाशी नेईपर्यंत वरणावर साय धरलेली. अंगीठी होती, चार टेबलांत मिळून एक, आणि ती आग्र्याच्या मंडळींकडे. त्यांच्याबरोबर लहान मुलं, म्हणून मी काही बोलले नाही.

पिठल्याला ‘शाही झुणका’ नाव दिलेलं आणि त्यात मलई नि काजू. पिठल्यात काजू घालणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. कटाच्या आमटीला टोमॅटोचा वास येत होता. पुरणपोळी होती, पण आत पुरण कमी आणि साखर जास्त, दाताखाली करकर. पनीरची एक भाजी लालभडक. वेटर म्हणाला, “ये कोल्हापुरी पनीर है आंटीजी, महाराज लोग यही खाते थे।” इथले महाराज म्हणजे शिंदे, आणि ते साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, कोल्हापूरचे नव्हेत. दौलतरावांनी इथे छावणी टाकली १८१० च्या सुमारास, त्या छावणीचं लश्कर झालं. आमच्या घराण्यातलं कुणीतरी त्याच पागेबरोबर कागद-दौत घेऊन आलं असं सासरे सांगायचे. दोनशे वर्षांत ज्वारी सुटली, गव्हावर आलो, आमटीत गूळ कमी झाला, सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, खायला लागलो, थंडीत तिळगुळाच्या जोडीला गजक आली. हे सगळं आमचं खरं जेवण, आणि ते कुठल्याही थाळीत मिळत नाही. एखाद्याने ते शोधून केलं असतं, लश्करातल्या चार म्हाताऱ्यांना विचारलं असतं, तर मी पायऱ्या चढून परत गेले असते. त्यांनी काय केलं, नेहमीच्याच भाज्या नऊ वाट्यांत घातल्या नि वेटरांना पगड्या चढवल्या. बासुंदी बरी होती. थंडीत बासुंदी बिघडवणं अवघडच.

संगीत म्हणजे एक पोरगा आणि कीबोर्ड. गझला वाजवत होता, बोटं गारठलेली. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात! डिसेंबरात हजिऱ्याला तानसेन समारोह असतो, तिकीट लागत नाही, कनटोपी घालून बसायचं आणि रात्री उशिरापर्यंत ऐकायचं. पाहुणे आले तर तिकडे न्या.

बिल. आगाऊ भरलेले सोडून वर: फोर्ट व्ह्यू ५००, अंगीठी २५०, दोन पाण्याच्या बाटल्या १२०. इथवर ८७०. त्याखाली सेवा शुल्क दहा टक्के, ६८७ रुपये. ८७० चे दहा टक्के ८७ होतात. मी पेन काढलं. त्यांनी मुलाने भरलेल्या ५,९९८ वरही सेवा शुल्क लावलं होतं. मॅनेजरला सांगितलं की २०२२ सालापासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, हे शुल्क आपोआप बिलात चढवता येत नाही, द्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. त्याने मुकाट काढलं. अंगीठीवर वाद घातला नाही, ऊब थोडी का होईना आली होती. धुक्याच्या पाचशेवर मात्र तो अडला. शेवटी जीएसटी धरून ९१३ रुपये ५० पैसे दिले, आणि त्याने पुढच्या वेळेसाठी पाचशेचं व्हाउचर हातात ठेवलं, ३१ मार्चपर्यंत चालणारं. ऑडिटच्या भाषेत, पॅरा अर्धा निकाली.

वेटर पोराला मी शंभर वेगळे दिले, थेट हातात.

जायचंच असेल तर फेब्रुवारी सरल्यावर जा. फोर्ट व्ह्यूचं टेबल घेऊ नका, जिन्याकडच्या टेबलावरून तेवढंच दिसेल. थाळी एकच मागवा, दोघांत पुरते. गुडघे दुखत असतील तर विचारच करू नका, पायऱ्या एकोणसाठ आहेत. लहान मुलं असतील तर त्यांना गाडी आवडेल, पण ती धावायला आमच्या ह्यांच्यासारखं कुणीतरी बरोबर न्यावं लागेल.

घरी आल्यावर मुलाचा फोन. “कसं झालं, बाबा?” हे म्हणाले, “फार छान. फर्स्ट क्लास.” मी फोन घेतला आणि म्हटलं, “हो रे, छान झालं.” ह्या दोन ताऱ्यांचं त्याला सांगितलेलं नाही. तोही इथे वाचत नाही.

व्हाउचर देवघराच्या फळीवर आहे, दुधाच्या हिशेबाच्या वहीखाली. काल हे दोनदा उचलून तारीख बघत होते. मार्चमध्ये एकदा जाऊन यावं म्हणताहेत. त्यांना बघायचंय, बडीशेपेचा डबा अजून शेवटीच लावतात का.