गेममध्ये गेम बसवून देतो म्हणाला आणि मदरबोर्डच काढून घेतला

जुन्या व्हिडिओ गेमच्या आत हवा तो खेळ कायमचा बसवून देतो असे सांगणाऱ्या एका इसमाने माझ्याकडून टप्प्याटप्प्याने ८,५४० रुपये घेतले. पार्सल पाठवण्याचे माझे ४१० रुपये धरले तर एकूण ८,९५० रुपये गेले. पैशांहून मोठे नुकसान असे की, माझ्या सेगा मास्टर सिस्टिम २ या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राचा मूळ मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, त्याने काढून घेतला आणि पेटीत भलतेच काहीतरी भरून ती मला परत पाठवली. आधी थोडी आगाऊ रक्कम, मग ‘एवढे आणखी लागतील’, मग शेवटचा हप्ता आणि मग मौन, हा क्रम वाचकांना पाठ असेल. मलाही तो पाठ होता, म्हणून त्यावर जागा घालवत नाही. लिहायचे आहे ते निराळेच. हा माणूस मला जे जे तांत्रिक बोलला ते जवळजवळ सगळे खरे होते, आणि माहितगार माणूस नेमका तिथेच अडकतो.

यंत्र मामांनी दुबईहून आणलेले. मास्टर सिस्टिम २ हे मॉडेल १९९० मध्ये आले आणि त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत ‘ॲलेक्स किड इन मिरॅकल वर्ल्ड’ हा खेळ आतच असे. कॅसेट न लावता बटण दाबले की तो सुरू. पुढच्या काही यंत्रांत त्या जागी ‘सॉनिक द हेजहॉग’ येऊ लागला. माझे यंत्र ॲलेक्स किडवाले, आणि सॉनिकची कॅसेट मी वेगळी विकत घेतलेली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असलेल्याला सांगायला नको की इथल्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या धातूची काय गत होते. कॅसेटच्या खाचेतील पिना हिरव्या पडल्या होत्या. स्पिरिटने पुसून, खोडरबराने घासून आठवडाभर चालत आणि पुन्हा पडद्यावर ॲलेक्स किडच येई, कारण खाचेत धड कॅसेट सापडली नाही की हे यंत्र आतला खेळ सुरू करते. तेव्हा सॉनिकच आत बसवला तर खाचेचा प्रश्नच मिटेल, हा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. गणपतीला मुंबईहून भावंडांची मुले येतात. त्याआधी काम व्हावे एवढीच इच्छा होती.

ज्यांना हा हौशी उद्योग पोरकट वाटतो त्यांच्यासाठी सांगतो की, हे काम खरोखर होते. मदरबोर्डवरची मूळ रॉम चिप, म्हणजे आतला खेळ साठवलेली चिप, डाग वितळवून काढायची, तिथे सॉकेट बसवायचे, आणि ईप्रॉमवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर, यंत्राचा सुरुवातीचा प्रोग्राम व खेळ मिळून लिहून ती चिप सॉकेटमध्ये घालायची. ॲलेक्स किड १२८ केबीचा आहे, सॉनिक २५६ केबीचा, म्हणजे दुप्पट जागा हवी. आतला झेड८० प्रोसेसर एका वेळी ६४ केबीच पाहू शकतो, म्हणून मोठा खेळ त्याला १६ केबीच्या पानांनी दाखवावा लागतो. ही पाने उलटण्याची सोय नसेल तर चिप नुसती बदलून भागत नाही. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला तर आतला मजकूर पुसला जातो, म्हणून वर अपारदर्शक पट्टी चिकटवतात. हे सगळे त्याने मला फोनवर न अडखळता सांगितले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. बोलणाऱ्याला विषय कळतो की नाही हे मला ओळखता येते. त्याला विषय पूर्ण कळत होता. खोटारडा माणूस अडाणीही असतो, हा समज कृपा करून डोक्यातून काढून टाका.

आता हिशेब. एकूण काम ४,८०० रुपयांना ठरले आणि त्यातले निम्मे, २,४०० रुपये, आगाऊ दिले. यंत्र पोहोचल्यावर त्याने कळवले की ‘तुमचा खेळ मोठा आहे, १ मेगाबिटची चिप पुरणार नाही, २ मेगाबिटची मागवावी लागेल’, आणि त्याचे १,३५० रुपये घेतले. हिशेब बरोबरच होता, २५६ केबी म्हणजे २ मेगाबिट, म्हणून मी मुकाट्याने पाठवले. वास्तविक मला कोणता खेळ हवा हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. दर ठरवतानाच त्याला चिपही ठरवता आली असती. पुढे ‘पाने उलटण्याच्या जोडणीसाठी’ १,७५० रुपये झाले, परतीचे कुरियर आणि विमा म्हणून ६४० रुपये झाले, आणि पार्सल निघण्याआधी उरलेले २,४०० रुपये झाले. प्रत्येक रक्कम मी स्वतः, स्वतःच्या फोनवरून, पिन टाकून पाठवली. या वाक्याचे महत्त्व मला पुढे बँकेत समजले. काम चालू असताना वाढीव रक्कम मागितली गेली तर त्या क्षणी काढलेल्या बोर्डाचा फोटो मागावा, आणि त्या फोटोत आपण स्वतः केलेली खूण दिसायला हवी. ती खूण यंत्र पाठवण्याआधी करायची असते.

शेवटचे २,४०० रुपये देण्यापूर्वी मी पुरावा मागितला होता, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ‘डोळे झाकून पैसे दिले’ असे मला घरातही ऐकावे लागले आहे. त्याने व्हिडिओ पाठवला. चॉकलेटी रेक्झिनच्या सोफ्यासमोर टीपॉय, त्यावर माझ्यासारखेच काळे यंत्र, खाच रिकामी, पडद्यावर सॉनिक धावतो आहे. दोन्ही हात रिमोटवर. मध्येच खेळ थांबतो, दोन-तीन क्षणांनी पुन्हा सुरू होतो. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल, भाच्यालाही दाखवला. आणि त्या थांबण्याकडे मी पाहूनही पाहिले नाही. मास्टर सिस्टिमच्या रिमोटवर खेळ थांबवण्याचे बटणच नसते. त्यावर १ आणि २ अशी दोन बटणे आणि दिशांची चकती, एवढेच. पॉजचे बटण यंत्रावरच, वरच्या बाजूला असते. लहानपणी जेवायला हाक आली की खेळ सोडून यंत्रापर्यंत सरपटत जाऊन ते दाबावे लागे, आणि तेवढ्यात ॲलेक्स मरे. त्यावरून भावाशी झालेली भांडणे मला आजही आठवतात. ज्याच्या अंगवळणी ही गोष्ट पडली आहे त्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही हात रिमोटवर असताना खेळ थांबतो, आणि त्याच्या मनात शंका येत नाही! मला ही गोष्ट अजून पचलेली नाही. माझ्या बाजूने एवढेच म्हणेन की व्हिडिओ पाहताना मनुष्य काय चुकते आहे हे शोधत नाही, हवे ते दिसते आहे ना एवढेच पाहतो, आणि मला सॉनिक पाहायचा होता.

दुसरी खूण चित्राची होती. या मॉडेलमधून टीव्हीला फक्त अँटेनाच्या तारेने चित्र जाते, त्यात थोडी मुंग्यांची खरखर असतेच. व्हिडिओतले चित्र स्वच्छ होते. विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, तुमच्यासाठी ए.व्ही. आउटपुट, म्हणजे चित्र-आवाजाची थेट जोडणी, फुकट बसवून दिले.’ तेही बसवता येते हे मला माहीत होते, म्हणून मी उलट त्याचे आभार मानले. न मागता मिळालेली भेट दिसली की तिथेच थांबा.

पार्सल आले ते हाताला हलके लागले. मूळ रिमोट नव्हते. ‘जुने रिमोट खराब झाले होते’ अशी चिठ्ठी आणि स्टार्ट-सिलेक्टवाला एक नवा रिमोट. टीव्हीला लावल्यावर सॉनिक सुरू झाला खरा, पण रंग भलते, उड्या अडखळत्या आणि संगीत ओळखू न येणारे. मी पेटीचे स्क्रू काढले. आत तळहाताएवढा हिरवा बोर्ड, त्यावर डांबराच्या थेंबासारखी काळी चिप. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जत्रांतून आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ‘टीव्ही गेम’ म्हणून निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम यंत्राचे जे नकली अवतार विकले गेले, त्यांतलाच हा. फॅमिकॉमसाठी चोरून बनवलेले नकली सॉनिकही तेव्हापासून आहेत. कॅसेटची खाच कापून, पिना तोडून, गरम गोंदाने जागेवर चिकटवली होती. माझा झेड८०, चित्राची चिप, रॉम, ध्वनी, सगळा बोर्ड गायब. गंमत अशी की या नकली यंत्रांच्या रिमोटचे नऊ पिनांचे तोंडही सेगासारखेच असते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ घ्या, आणि तो स्क्रू काढेपर्यंत चालू ठेवा. नुसते खोके उघडल्याचा व्हिडिओ कामाचा नाही. शिवाय काढलेली जुनी चिप परत मागा. प्रामाणिक कारागीर ती पुडीत घालून पाठवतो.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायचा त्यांच्याविषयी. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्हीच पिन टाकून केला, त्यामुळे तो ‘अनधिकृत’ नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देते, हे मीही वाचले होते. पण फसवून घेतलेली संमती ही संमतीच, असे त्या टेबलावरचे मत पडले. तक्रारीचा अर्ज मात्र ‘पोच मिळणार नाही’ या अटीवर घेतला. कुरियरवाल्यांकडे माझ्याजवळ बिनतोड पुरावा होता: जाताना पावतीवर वजन १,६२० ग्रॅम, येताना १,३१० ग्रॅम. ३१० ग्रॅम लोखंडी आवरण आणि मदरबोर्ड हवेत विरत नाहीत. त्यावर उत्तर मिळाले की पॅकिंग बदलले असेल. ६४० रुपयांतला विमा कधी उतरवलाच गेला नव्हता.

पोलीस ठाण्यातला प्रसंग लिहिताना आजही कान तापतात. ‘व्हिडिओ गेम? तुमचा?’ हा पहिला प्रश्न. मागच्या बाकावर माझ्या माजी विद्यार्थ्याचे वडील बसलेले. नंतर वस्तूची मूळ पावती मागण्यात आली. तीस वर्षांपूर्वी परदेशात मामांनी घेतलेल्या वस्तूची पावती! नंतर विचारले की वस्तू परत मिळाली ना, चालू होते ना, मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा. दुसऱ्या अंमलदारांनी समोरचा माणूस राहतो त्या शहरात जायला सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील पान पुढे ठेवून दाखवले. न्याय संहितेतील कलम ३१८ फसवणुकीचे आणि ३१६ विश्वासाने सोपवलेल्या वस्तूच्या अपहाराचे, हेही सांगितले. ‘मास्तर, कायदा आम्हाला शिकवू नका,’ असे म्हणून पान परत केले. मग एका साहेबांनी उलट माझीच चौकशी केली, की खेळाची अशी प्रत काढणे कायदेशीर आहे का? माझ्याकडे मूळ कॅसेट आहे हे सांगून मी थकलो. जिल्ह्याच्या ठिकाणी एस.टी.ने जाऊन वरच्या कार्यालयात अर्ज दिला, तर तो अभिप्रायासाठी त्याच ठाण्याकडे परत आला. रक्कम दहा हजारांच्या आत आहे, एवढ्याशासाठी कोण फिरणार, हे कुणी तोंडाने म्हणाले नाही. पण प्रत्येक टेबलावर तेच दिसत होते, आणि ही माणसे आपले दर ठरवताना नेमके तेच पाहतात. ४,८०० हा आकडा उगाच आलेला नाही.

ज्यांचे पैसे नुकतेच गेले असतील त्यांनी माझ्यासारखे आधी फोनवर त्याची समजूत घालत बसू नये. १९३० ही सायबर हेल्पलाइन लगेच फिरवावी. वेळेत कळवले तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. संभाषण पुसू नये, व्यवहाराचे क्रमांक कागदावर उतरवावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मी ती केली आहे. वजनाच्या दोन्ही पावत्या, उघडलेल्या पेटीचे फोटो आणि तो व्हिडिओ जोडला आहे. समोरच्याचा खरा पत्ता नसल्यामुळे नोटीस बजावणीवर प्रकरण अडले आहे.

दरम्यान तो थांबलेला नाही. नाव वेगळे, फोन नंबर वेगळा, दर आता ५,५०० रुपये, पण व्हिडिओ तोच. चॉकलेटी सोफा, काळे यंत्र, रिकामी खाच. कुणी तुम्हाला तो पाठवला तर त्याला एवढेच सांगा की यंत्र हातात उचलून त्याच्या वरच्या बाजूचे पॉजचे बटण दाबून दाखव, आणि ते दिसेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका.